वजाबाकीचे संगीत

निवृत्त माणसाला भेटणारा प्रत्येक परिचित एक प्रश्न हमखास विचारतो : "आता वेळ कसा घालवता?" जणू वेळ ही खात्यावर पडून राहिलेली शिल्लक असून ती एकदाची खर्ची टाकली की सुटलो! या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली असतात. सकाळचे फिरणे, देवदर्शन, नातवंडे, ज्येष्ठ नागरिक संघ, वर्षातून एखादी यात्रा. यातील बहुतेक गोष्टी मीही करतो. परंतु त्यांच्या जोडीला "मी सिंथेसायझर वाजवतो" असे सांगितले की समोरचा क्षणभर गोंधळतो आणि मग समजुतीच्या स्वरात म्हणतो, "म्हणजे कॅसिओ ना?"

आपल्याकडे पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वाद्याला कॅसिओ म्हणण्याची रीतच पडली आहे. लग्नाच्या वरातीतील वादकांपासून गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत सर्वत्र हाच शब्द. मात्र या दोन वाद्यांत महत्त्वाचा भेद आहे. कॅसिओसारख्या वाद्यात बासरी, व्हायोलिन, सनई असे आवाज तयार करून भरलेले असतात. बटण दाबावे आणि वाजवावे. सिंथेसायझरचा खरा उपयोग आवाज घडवण्यासाठी आहे. तयार नमुने त्यातही असतात, पण ते दुकानातील काचेच्या कपाटातील नमुन्यांसारखे. कामाला बसायचे ते कच्चा माल हाती घेऊनच.

मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर पदवीधर. एका राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. खतावणीच्या जाड वह्यांपासून संगणकापर्यंतचा सारा प्रवास माझ्या डोळ्यांदेखत झाला. संगीताचे शिक्षण मला नाही. आमच्या घरातील गाणे हे माझ्या पत्नीचे. विवाहापूर्वी ती मिरजेत एका गुरूंकडे काही वर्षे शिकली होती. पुढे संसारात रियाज मागे पडला, तरी महिला मंडळाच्या भजनांत तिचा आवाज पुढे असे आणि माहेराहून आलेला मिरजेचा तंबोरा आमच्या सांगलीच्या घरात नेहमी मानाच्या कोपऱ्यात उभा असे.

माझ्या निवृत्तीनंतर वर्षभरातच पुतण्याला बंगळूरला नोकरी लागली. महाविद्यालयात असताना हौसेने घेतलेला कॉर्ग कंपनीचा 'मोनोलॉग' नावाचा छोटा सिंथेसायझर तो जाताना आमच्याकडे ठेवून गेला. "काका, आकड्यांची सवय आहे तुम्हाला, जमेल हे," एवढेच तो म्हणाला. पंचवीस बारीक पट्ट्या, वर फिरवण्याच्या खुंट्यांच्या रांगा आणि आवाजाचा तरंग रेखाटून दाखवणारा नखाएवढा पडदा. एका वेळी या यंत्रातून एकच स्वर निघतो, म्हणून त्याचे नाव मोनोलॉग, म्हणजे स्वगत.

पुतण्याचे बोलणे खरे ठरले, कारण हे यंत्र मला जमाखर्चाच्या भाषेत समजले. यंत्रातील कंपनकारक प्रथम एक खडबडीत, कर्कश ध्वनी निर्माण करतो. तो पडद्यावर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. त्यात मूळ स्वर तर असतोच, शिवाय त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर क्रमाक्रमाने क्षीण होत भरलेले असतात. हे झाले ढोबळ उत्पन्न. पुढे येते गाळणी, म्हणजे फिल्टर. तिची खुंटी जितकी खाली आणावी तितके वरचे उपस्वर वजा होत जातात आणि आवाज मऊ, गोल, दबका बनतो. ही झाली वजावट. शेवटी, स्वर किती वेगाने उमटावा आणि किती सावकाश विरावा याचा निर्णय होतो आणि उरते ते निव्वळ उत्पन्न, म्हणजे आपल्या कानी पडणारा आवाज. या पद्धतीला वजाबाकीची ध्वनिनिर्मिती असेच म्हणतात. आयुष्यभर बेरजा जुळवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर वजाबाकीतून काही निर्माण होते हे कळले, याचे मला मोठे अप्रूप वाटले.

ही विद्या परकी आहे, आपल्या संगीताशी तिचा काय संबंध, असे काही स्नेही विचारतात. त्यांना मी हार्मोनियमची आठवण करून देतो. हे वाद्यही युरोपातून आले. १९४० साली आकाशवाणीने त्याच्यावर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला तीन दशके लागली. आज पेटीवाचून आपले भजन सुरू होत नाही. विजेच्या वाद्यांचा आपला परिचयही तसा जुनाच आहे. १९५४च्या 'नागिन' चित्रपटातील ती गाजलेली पुंगी खऱ्या गारुड्याची नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४मध्ये आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना तयार केला आणि त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९६९ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर येऊन दाखलही झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्याची उभारणी केली. या संस्थेच्या जडणघडणीत साराभाई कुटुंबाचा मोठा वाटा होता. त्याच कुटुंबातील गीता साराभाई यांनी १९४६मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे पाठ दिले होते आणि पुढे अहमदाबादच्या त्या यंत्रावर स्वतः ध्वनिप्रयोगही केले. त्या काळच्या ध्वनिफिती कित्येक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या; त्यांतील निवडक ध्वनिमुद्रणे २०२३ साली प्रकाशित झाली. मुंबईचे चरणजित सिंग यांनी तर १९८२मध्ये जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे रसिक तिने चकित झाले. तेव्हा ही वाट आपल्या माणसांनी फार पूर्वीच चोखाळलेली आहे.

माझी दिनचर्या साधी आहे. सकाळची कामे आटोपली की साडेदहा ते बारा हा माझा अभ्यासाचा वेळ. त्या वेळी मी हेडफोन लावतो, म्हणजे शेजाऱ्यांना उपद्रव नाही. आवाज माफक ठेवतो. प्रौढ माणसाने आठवड्यात चाळीस तासांपर्यंत ८० डेसिबलच्या पातळीवर ऐकणे सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. मी दोन्ही आकड्यांच्या बराच आत असतो. जवळच एक वही असते. कोणती खुंटी कोठे ठेवली असता कोणता आवाज निघाला, याची तारीखवार नोंद मी तीत करतो. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होत असल्यामुळे संध्याकाळ चांगली लांब मिळते. त्या वेळी दिवसभरात तयार झालेले काही असेल तर ते पत्नीला ऐकवायचे, असा परिपाठ होता. हा परिपाठ दोन वर्षांपूर्वी अडखळला.

तिला ऐकू कमी येऊ लागले होते. आरंभी ते तिच्याही ध्यानात आले नाही, आमच्याही नाही. भाजीवाली "साठ रुपये" म्हणे आणि हिला "आठ" ऐकू येई. त्यावर दोघी हसत. मग फोनवर बोलणे कमी झाले. लग्नसमारंभात ती कडेची खुर्ची शोधू लागली. "ऐकू येते हो, पण कळत नाही," असे ती म्हणे आणि ऐकणाऱ्याला तो शब्दच्छल वाटे. एके दिवशी तिने भजनी मंडळात जाणे थांबवले. कारण विचारले, तर म्हणाली, "पेटीचा सूर लागतो, पण तंबोरा मुका झाल्यासारखा वाटतो. मी सुरात आहे की नाही, हे मलाच समजत नसेल तर पुढे बसून काय करू?" त्यानंतर घरातील तंबोऱ्यावरही खोळ चढली ती उतरेना.

श्रवणतज्ज्ञांकडे तपासणी झाली आणि कानांचा आलेख हातात आला. ताळेबंद वाचणाऱ्या माणसाला आलेख वाचणे अवघड जात नाही. २५० ते १००० हर्ट्झपर्यंतची रेषा जवळजवळ निर्दोष होती. २००० हर्ट्झवर ती उतरू लागे, ४००० आणि ८००० वर तर खोल दरीत जाई. म्हणजे खालचे स्वर शाबूत आणि वरचे हरवलेले. वयोमानाने होणारी श्रवणहानी बहुधा अशीच असते. तज्ज्ञांनी समजावले, की आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे अ, आ, ओ हे खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यामुळे 'आवाज येतो'. स, श, ख, फ यांसारख्या व्यंजनांचा श्वासाचा अंश वरच्या पट्टीत असतो आणि त्याच्यामुळे 'शब्द कळतो'. तिचे वाक्य शब्दच्छल नव्हते; आलेखाचे अचूक शब्दरूप होते.

त्या रात्री आलेख समोर ठेवून बसलो असताना मला जाणवले, की ही आकृती माझ्या ओळखीची आहे. गाळणीची खुंटी खाली आणल्यावर आवाजाचे जे होते, त्याचेच हे चित्र! दुसऱ्या दिवशी मी संगणकावर माझाच आवाज मुद्रित केला : सात, आठ, साठ, खाट, पाट. ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे विनामूल्य साधन आहे. त्यातील गाळणी १५०० हर्ट्झवर लावून तेच मुद्रण पुन्हा ऐकले. आवाज माझाच होता, चांगला मोठाही होता. परंतु कोणता साठ आणि कोणता आठ, हे मलाच ओळखता येईना. सारे शब्द भिंतीपलीकडून आल्यासारखे. पत्नी गेली काही वर्षे ज्या जगात वावरत होती, त्याचा उंबरठा मी त्या दिवशी ओलांडला. तज्ज्ञांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी एक महत्त्वाची पुस्ती जोडली. हे साम्य अर्धेच आहे, असे ते म्हणाले. अशा कानांना हलका आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी अधिकच टोचतो. म्हणून ओरडून बोलण्याने काही साधत नाही. समोर येऊन, चेहरा दिसेल असे, सावकाश बोलावे. हेडफोन लावून मी ते मुद्रण मुलीला आणि जावयांना ऐकवले. त्यानंतर आमच्या घरात कोणी दुसऱ्या खोलीतून तिला हाक मारत नाही.

शब्दांची व्यवस्था श्रवणयंत्राने बरीचशी लावली. तंबोऱ्याचा प्रश्न उरला. तो समजून घेण्यासाठी मी मिरजेला गेलो. दीडशे वर्षांहून अधिक काळ तेथे तंतुवाद्ये घडतात आणि २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. भीमाकाठच्या पंढरपूर परिसरातून येणारे भोपळे छताला टांगलेल्या एका दुकानात वृद्ध कारागीर जवारी काढत बसले होते. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा ते कानसेने अगदी हलका घासत, तार छेडत, ऐकत आणि पुन्हा घासत. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून एका ठिकाणी थांबले आणि तंबोरा बोलू लागला. "घोडीचा उतार डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो," असे ते म्हणाले. तार घोडीच्या त्या उतारावर अलगद घासत कंप पावते, म्हणून तिच्यातून उंच उपस्वरांचा झरा फुटतो. तंबोऱ्याची झंकार म्हणतात ती हीच. कोणते उपस्वर उजळायचे आणि कोणते दाबायचे, हे ठरवणारी ही हातची गाळणीच.

आता हिशेब स्पष्ट झाला. पत्नीचा षड्ज काळी चारचा, म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. जोडाच्या तारांचा हा मूळ स्वर तिला स्वच्छ ऐकू येतो. त्याचा दहावा उपस्वर २०८० हर्ट्झवर, म्हणजे नेमका उताराच्या आरंभी. झंकारेचे तेज बरेचसे त्याच्याही वर असते. तंबोरा वाजत होता, पण त्याचा प्राण तिच्या कानांच्या हद्दीबाहेर होता. कान बदलता येत नाहीत. मग झंकारच हद्दीच्या आत आणता आली तर?

या कामात माझे साडेतीन महिने गेले. मोनोलॉगमध्ये स्वरांची जागा सूक्ष्मपणे बदलण्याची सोय आहे. तिच्यामुळे पंचम पेटीच्या पंचमाहून दोन सेंटनी चढवून शुद्ध करता आला. एका वेळी एकच स्वर निघतो आणि तंबोऱ्याच्या तारा तर एकमेकींत मिसळतात. म्हणून पंचम, जोडाचे दोन षड्ज आणि खर्ज अशा चारही तारा मी स्वतंत्र मुद्रित करून संगणकावर एकत्र केल्या. प्रत्येक स्वर उमटताना गाळणी सुमारे १८०० हर्ट्झपर्यंत उघडते आणि मग तीन-चार सेकंदांत हळूहळू ४०० पर्यंत उतरते. गाळणीच्या तोंडाशी येणारा उपस्वर अधिक उठून दिसावा, अशी एक खुंटी असते. तिच्यामुळे उतरत्या वाटेवर एकेक उपस्वर क्षणभर उजळतो आणि विरतो. घोडीवर जे उंचावर घडते, ते येथे खालच्या मजल्यावर घडू लागले.

वाटेत एक विचित्र अडचण आली. लांब, स्थिर स्वर लावला की श्रवणयंत्रातून तिला तो थरथरत ऐकू येई. श्रवणयंत्र कधी कधी स्वतःचाच आवाज पकडून शिटी घालते. ती शमवण्यासाठी त्यात एक योजना असते. ही योजना माझ्या स्थिर स्वरालाच शिटी समजून पुसू पाहत होती. तज्ज्ञांनी संगीतासाठी निराळी मांडणी करून दिली, जीत ही योजना सौम्य असते आणि आवाजाची काटछाटही कमी होते. भाषणासाठी एक आणि संगीतासाठी दुसरी, अशी बटणे आता तिच्या बोटांना सवयीची झाली आहेत. ही सोय मागितल्यावाचून बहुधा मिळत नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

एका संध्याकाळी चारही तारा जुळल्यावर मी तिला ऐकवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हा तंबोरा नव्हे हो. पण याच्यात बसायला जागा आहे." आणि तिने षड्ज लावला.

त्या गोष्टीला आता सव्वा वर्ष झाले. भजनी मंडळात ती अद्याप परतलेली नाही. दहा आवाजांच्या गलबल्यात श्रवणयंत्राचीही मात्रा चालत नाही. परंतु घरी रोज संध्याकाळी अर्धा तास गाणे असते. महिन्यातून दोनदा मंडळातील दोघी मैत्रिणी येतात. त्या समोरासमोर बसून गातात. तंबोऱ्याची खोळ उतरली आहे. कधी ती भोपळ्यावर हात ठेवून तो छेडते. तेव्हा कानांना न कळणारे काही तळहाताला कळते, असे म्हणते. तिचा आलेख यंदा आणखी थोडा खाली आला आहे. त्यानुसार मी गाळणीचे आकडे पुन्हा मांडले. वहीत आता प्रत्येक तपासणीच्या तारखेसमोर त्या वर्षीच्या तंबोऱ्याची नोंद आहे. पुढे रेषा आणखी उतरेल, तेव्हा १८०० च्या जागी १५०० येईल, मग १२००. खर्जाचा मूळ स्वर १०४ हर्ट्झवर आहे. तेथवर अजून पुष्कळ उपस्वर शिल्लक आहेत.

वाचकांपैकी अनेक जण माझ्या वयाचे असतील. त्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, साठीनंतर आपण डोळे, रक्तदाब, साखर नियमाने तपासतो, त्याच यादीत कानही घालावेत. ऐकू न येणारा माणूस तक्रार करत नाही. तो हळूच कडेच्या खुर्चीकडे सरकतो. घरच्यांनी त्या खुर्चीवर लक्ष ठेवावे. दुसरी गोष्ट छंदाविषयी. या छंदात नवनवी यंत्रे घेण्याचा मोह मोठा असतो. माझ्याकडे आजही ते एकच यंत्र आहे आणि त्याचे सर्व गुण मला अजून उमगलेले नाहीत. एखादी गोष्ट पुरतेपणी शिकण्याइतका वेळ आयुष्यात प्रथमच हाताशी आलेला असतो. ती आपल्या माणसाच्या कोणत्या उणिवेशी जुळेल, हे शिकायला बसताना ठाऊक नसते. म्हणून छंद कोणताही असो, त्यात मुरावे. वेळ कसा घालवता, असे विचारणाऱ्यांना मी आता एवढेच सांगतो : वेळ घालवत नाही, रोज संध्याकाळी तंबोरा लावतो.